हायब्रिड गाडीत कोणता मोड कधी वापरायचा? इको, पॉवर, ईव्ही आणि बी समजून घ्या



मागच्या वर्षी आमच्या घरी स्ट्रॉन्ग हायब्रिड गाडी आली. बाबांनी ती रिटायरमेंटच्या पैशातून घेतली. साध्या पेट्रोल गाडीपेक्षा काही लाख जास्त मोजले, कारण माहितीपत्रकात अॅव्हरेजचा आकडा लिटरला सत्तावीसच्या वर होता. पहिल्या दोन महिन्यांत प्रत्यक्षात मिळालं १७.२. बाबा फार काही बोलले नाहीत, पण गाडी बाहेर काढायची टाळायला लागले. भाजीला जुनी स्कूटर, लांब जायचं असेल तर रिक्षा. एकदा जेवताना हळूच म्हणाले, "फसलो रे आपण."

मी सॉफ्टवेअरवाला, मेकॅनिक नाही. पण एका रविवारी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसलो आणि ते गाडी कशी चालवतात ते नुसतं बघत राहिलो. कोथरूडहून चांदणी चौकात पोचेपर्यंत तीन गोष्टी दिसल्या. गाडी सुरू केली की लगेच ईव्ही बटण. लिव्हर कायम बी वर, कारण "ब्रेक कमी दाबावा लागतो". आणि प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल, कारण ३५ वर्षांची सवय.

यात त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. गाडी हातात देताना पाच मिनिटांत सगळी बटणं दाखवली जातात. कोणतं बटण *कधी* दाबायचं, हे कोणी सांगत नाही. तेच आज बघूया.

आधी तुमची गाडी कोणती ते बघा

हायब्रिड हा शब्द सध्या दोन वेगळ्या प्रकारांना लावला जातो. माइल्ड हायब्रिडमध्ये (उदाहरणार्थ मारुतीची स्मार्ट हायब्रिड) छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते. नुसत्या बॅटरीवर ती गाडी चालत नाही. स्ट्रॉन्ग हायब्रिडमध्ये मात्र इंजिन बंद ठेवून गाडी मोटरवर चालू शकते. टोयोटा हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस, मारुती ग्रँड विटारा यांचे स्ट्रॉन्ग हायब्रिड व्हेरिएंट आणि होंडा सिटी ई:एचईव्ही या गाड्या त्यात येतात. हा लेख स्ट्रॉन्ग हायब्रिडबद्दल आहे.

वीज येते कुठून?

हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं होतं. या गाड्यांना चार्जिंगचं सॉकेट नसतं. म्हणजे बॅटरीतली वीज दोनच ठिकाणांहून येऊ शकते: एक तर इंजिनाने जनरेटर फिरवून तयार केलेली, किंवा गाडीचा वेग कमी होताना मोटरने उलटं काम करून तयार केलेली. हे दुसरं म्हणजे रीजनरेटिव्ह ब्रेकिंग, बोलताना आपण नुसतं 'रीजन' म्हणू.

आता तो वेगसुद्धा आला कुठून? पेट्रोल जाळूनच. त्यामुळे हिरवी 'ईव्ही' अक्षरं पेटलेली असताना गाडी फुकट चालते आहे असं वाटतं, पण तसं नसतं. त्या विजेचे पैसे पंपावर आधीच देऊन झालेले असतात.

शिवाय प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती होते. इंजिनापासून जनरेटर, तिथून बॅटरी, मग मोटर, मग चाक. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात दूध ओतताना दर वेळी थोडं भांड्याला चिकटून राहतं, तसंच. म्हणून इंजिनाने बॅटरी भरायची आणि ती विनाकारण ईव्हीवर संपवायची, हा घाट्याचा व्यवहार आहे.

मग हायब्रिडमध्ये पेट्रोल वाचतं ते कसं? पेट्रोल इंजिन अगदी कमी कामावर, म्हणजे ट्रॅफिकमध्ये रांगताना किंवा सिग्नलला नुसतं उभं असताना, सगळ्यात जास्त पेट्रोल वाया घालवतं. मध्यम ताकद लावताना ते सगळ्यात कसदार चालतं. हायब्रिड सिस्टिम नेमकं हेच करते: नको तिथे इंजिन बंद, हवं तिथे चालू आणि ब्रेकमधली वाया जाणारी ऊर्जा परत बॅटरीत. टोयोटाने १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस आणली तेव्हापासून मूळ विचार हाच आहे.

बॅटरी केवढी असते?

बाबांना हा आकडा सांगितला तेव्हा ते चकित झाले. ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या स्ट्रॉन्ग हायब्रिडमध्ये बॅटरी आहे ०.७६ किलोवॅट-अवरची. घरच्या लाइट बिलाच्या भाषेत पाऊण युनिट. २ किलोवॅटचा गिझर २२-२३ मिनिटं चालला की एवढी वीज संपते. तुलनेसाठी, २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॅट-अवरची होती, म्हणजे जवळपास ४० पट.

त्यातही ही पाऊण युनिट पूर्ण वापरली जात नाही. बॅटरीचं आयुष्य टिकावं म्हणून गाडी ती कधीच अगदी रिकामी किंवा अगदी काठोकाठ होऊ देत नाही. अर्धीच वापरात आहे असं धरलं आणि किलोमीटरला साधारण १४० वॅट-अवर लागतात असं मानलं, तर नुसत्या बॅटरीवर गाडी जाईल पावणेतीन किलोमीटरच्या आसपास.

म्हणजे ही बॅटरी पाण्याची मोठी टाकी नाही, हातातला तांब्या आहे. सतत भरायचा, सतत वापरायचा.

आता एकेक मोड बघू

*इको, नॉर्मल आणि पॉवर:* हे तीन मोड मुख्यतः एकच गोष्ट बदलतात. तुम्ही अॅक्सिलरेटर जेवढा दाबता, त्याचा अर्थ गाडी काय लावते? इकोमध्ये अर्धा पेडल दाबला तर गाडी 'थोडी ताकद हवी आहे' असं समजते. पॉवरमध्ये तेवढाच पेडल दाबला तर 'बरीच हवी आहे' असं समजते. आम्हा प्रोग्रामिंगवाल्यांच्या भाषेत इनपुट तेच, फक्त मॅपिंग वेगळं. पेडल पूर्ण दाबला तर इंजिन आणि मोटर मिळून जी कमाल ताकद देतात, ती पॉवर मोडने वाढत नाही.

इकोमध्ये आणखी एक गोष्ट होते: एसीसुद्धा जरा हात आखडून चालतो. मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीत बसलात तर गारवा यायला वेळ लागतो, त्याचं कारण हे.

मग वापरायचा कोणता? शहरात इको. ज्यांचा पाय जड आहे त्यांना त्याचा सर्वात जास्त फायदा. पण इकोमध्ये गाडी मरगळलेली वाटते म्हणून तुम्ही पेडल आणखी खोल दाबत असाल तर फायदा शून्य. त्यापेक्षा नॉर्मलमध्ये हलक्या पायाने चालवलेलं बरं. पॉवर मोड ठेवा हायवेवर ओव्हरटेक करायला, किंवा भरलेली गाडी चढावर नेताना. काम झालं की परत इको किंवा नॉर्मल.

*ईव्ही मोड:* हे बटण दाबलं की गाडी इंजिन सुरू न करता नुसत्या मोटरवर चालायचा प्रयत्न करते. बॅटरी उतरली, वेग वाढला किंवा पेडल जास्त दाबला गेला की मोड आपोआप सुटतो. हे बटण आहे रात्री उशिरा सोसायटीत आवाज न करता शिरायला, पार्किंगमधून गाडी काढायला किंवा पुढे-मागे सरकवायला. पेट्रोल वाचवायला ते दिलेलंच नाही!

कारण सोपं आहे. बटण न दाबताही गाडी शक्य तिथे इंजिन बंद करतेच. तुम्ही बटण दाबून तांब्या लवकर रिकामा केलात, की पुढच्या चढावर किंवा पुढच्या सिग्नलला उभं असतानाच इंजिनाला उठून तो भरावा लागतो. तेसुद्धा नेमकं अशा वेळी, जेव्हा एरवी ते शांत झोपलेलं असतं. आमच्याकडे हेच चाललं होतं.

*बी पोझिशन:* हा मोड नाही, लिव्हरवरची जागा आहे, पण गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये बी म्हणजे इंजिन ब्रेकिंग. गाडी इंजिनाला पेट्रोल न देता नुसतं फिरवते आणि त्या ओढीने वेग आवरते. घाटात हे सोन्यासारखं आहे. पण शहरात कायम बी वर चालवलं तर जी ऊर्जा बॅटरीत गेली असती, तिचा काही भाग इंजिन फिरवण्यात उडून जातो. शिवाय पाय काढला की गाडी लगेच अडखळते, आणि आपण परत रेस देतो. म्हणून रोजच्या वापरात डी.

होंडा सिटी हायब्रिडची रचना वेगळी आहे. तिच्यात शहरात बहुतेक वेळा इंजिन फक्त जनरेटर चालवतं, चाकं मोटर फिरवते आणि हायवेच्या वेगाला इंजिन क्लचने थेट चाकांना जोडलं जातं. तिथे बी चा अर्थ जास्त जोरदार रीजन असा आहे. त्यामुळे मित्राच्या गाडीचा सल्ला आपल्या गाडीला लावण्याआधी आपलं मॅन्युअल उघडा.

*न्यूट्रल:* सिग्नलला न्यूट्रल करायची सवय आपल्याला मॅन्युअल गाडीने लावली, कारण तिथे क्लच दाबून ठेवायचा त्रास होता. इथे क्लचचा पेडलच नाही आणि एन मध्ये हायब्रिड बॅटरी चार्ज होत नाही. एसी मात्र वीज खातच असतो. ट्रॅफिक जॅममध्ये बराच वेळ एन मध्ये राहिलात तर बॅटरी उतरत जाते. थोडं थांबायचं असेल तर डी मध्ये ब्रेकवर पाय ठेवा. जास्त वेळ थांबायचं असेल तर पी. आणि उतारावर न्यूट्रल तर कधीच नको. तिथे रीजनही मिळत नाही, आणि गाडीवरचा ताबाही कमी होतो.

खरी कमाई ब्रेकमध्ये आहे

मोड समजले, पण आमच्या अॅव्हरेजमध्ये सर्वात मोठा फरक पडला तो ब्रेक मारायची पद्धत बदलल्यावर.

थोडा हिशोब करू. माणसांसकट १५०० किलोची गाडी ताशी ६० किमी वेगाने चालली आहे. तिच्यात साधारण ५८ वॅट-अवर ऊर्जा साठलेली असते. समोर सिग्नल लाल झाला आणि शेवटच्या क्षणी तुम्ही ब्रेक करकचून दाबला, तर मोटरला एवढ्या कमी वेळात एवढी ऊर्जा पचवता येत नाही. मग साधे डिस्क ब्रेक लागतात आणि बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते. तेच तुम्ही लांबूनच पाय काढला आणि ब्रेक हळू, लांबवर दाबत आणला, तर बहुतेक काम मोटर करते. त्यातली अर्धी ऊर्जा जरी परत आली तरी २९ वॅट-अवर, म्हणजे पुढचे २०० मीटर इंजिनाशिवाय. कोथरूडहून हिंजवडीला जाताना किती सिग्नल आणि किती गतिरोधक लागतात, ते तुम्हीच मोजा.

डॅशबोर्डवर पॉवर मीटर असतो. त्यात साधारण तीन भाग दिसतात: चार्ज, इको आणि पॉवर. ब्रेक दाबताना काटा चार्जच्या भागात राहील, पण अगदी टोकाला जाऊन अडकणार नाही, इतपतच दाबायचं. टोकाला गेला म्हणजे मोटरची मर्यादा संपली, पुढचं काम डिस्क करते आहे.

आणि वेग घेताना? इथे बाबांची उलट चूक होती. ते इतके हळू निघायचे की मागचे हॉर्न वाजवायचे. इंजिन सुरू होऊ नये म्हणून ते जपत होते! पण इंजिन हा काही शत्रू नाही. सिग्नल सुटला की काटा इकोच्या वरच्या अर्ध्या भागात ठेवून सरळ हव्या त्या वेगाला या. इंजिन चालू झालं तर होऊ द्या, त्या वेळी ते कसदार चालतं. वेग मिळाला की पाय किंचित सैल करा, इंजिन बंद होतं, आणि मग मोटरवर तोच वेग हलकेच टिकवा. इंजिनाने वेग घ्यायचा, मोटरने तो राखायचा.

अर्थात काट्याकडे बघत बसू नका. नजर रस्त्यावर हवी. आठवडाभर शेजारच्या माणसाने काटा बघून सांगितलं की पायाला आपोआप अंदाज येतो. आमच्याकडे ते काम मी केलं.

घाटात काय करायचं?

बाबांना घेऊन ताम्हिणीमार्गे माणगावला गेलो, तेव्हा बी चा खरा उपयोग कळला. पुन्हा हिशोब: १५०० किलोची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली उतरते, तेव्हा साधारण २ युनिट ऊर्जा मोकळी होते. आपली बॅटरी पाऊण युनिटची, आणि त्यातली मोकळी जागा त्याहून कमी. घर्षण आणि हवेचा विरोध वजा केला तरी लांब उताराच्या अर्ध्यातच बॅटरी भरते. ती भरली की रीजन कमी होतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. इथे प्रश्न पेट्रोलचा राहत नाही, जिवाचा होतो.

म्हणून लांब उतार सुरू होतानाच बी लावा आणि ब्रेक अधूनमधून, गरजेपुरता दाबा. बॅटरी भरल्यावर इंजिनाचा आवाज अचानक मोठा येतो. घाबरू नका. पेट्रोल जळत नसतं, इंजिन नुसतं ब्रेकचं काम करत असतं. उतार संपला की परत डी.

हे सांगत होतो तेव्हा बाबा हसले. म्हणाले, "म्हणजे ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. आम्हाला हे आमच्या उस्तादानेच शिकवलं होतं." अगदी बरोबर! जुन्या ड्रायव्हरांचा तो नियम म्हणजेच बी पोझिशन.

चढताना मात्र ईव्ही विसरा. वाटलं तर पॉवर मोड लावा आणि एकसारखा वेग ठेवा.

हायवे, एसी आणि बाकीच्या गोष्टी

* हायवेवर हायब्रिडचा फायदा कमी होतो, कारण ब्रेक कमी लागतो आणि इंजिन बहुतेक वेळ चालूच असतं. तिथे वेगच सगळं ठरवतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो.
* दोन-तीन किलोमीटरच्या सुट्या फेऱ्या टाळा. थंड इंजिन आधी गरम होण्यासाठी चालतं, तुम्हाला नको असलं तरी. भाजी, बँक, औषधं अशी कामं एकाच फेरीत उरका.
* उन्हातली गाडी असेल तर आधी एक मिनिट काचा उघड्या ठेवून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा. २५-२६ अंशांवर ऑटो पुरेसं असतं.
* टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे, आणि टायर थंड असताना तपासा.
* बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरी गार ठेवण्यासाठी मागच्या सीटजवळ हवेची जाळी असते. तिच्यासमोर पिशव्या, चादरी कोंबू नका. बॅटरी तापली की गाडी तिचा वापर कमी करते.

माहितीपत्रकातला आकडा का मिळत नाही?

ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या स्ट्रॉन्ग हायब्रिडचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किमी आहे. हा आकडा खोटा नाही, पण तो ठरलेल्या चाचणीतला आहे. प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून, जास्तीत जास्त ताशी ९० किमीपर्यंत. तुमच्या रस्त्यावर खड्डे, एसी, चार माणसं आणि चढ असतात. त्यामुळे त्या आकड्याशी भांडू नका. आपल्याच गेल्या महिन्याच्या आकड्याशी तुलना करा. पद्धत जुनीच: टाकी पहिल्या ऑटो कटपर्यंत फुल करायची, ट्रिप मीटर शून्य करायचा, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा ऑटो कटपर्यंत भरून किलोमीटरला लिटरने भागायचं.

आमचं काय झालं?

ईव्ही बटण बंद, लिव्हर डी वर, सिग्नलला न्यूट्रल नाही, ब्रेक लांबून आणि छोट्या फेऱ्या एकत्र. एवढं केल्यावर पुढच्या तीन टाक्यांची सरासरी आली २१.८. तीन टाक्या म्हणजे काही मोठा प्रयोग नव्हे, त्यात हवामानाचाही थोडा हात असेल. तरीही महिन्याला १००० किलोमीटर धरले तर ५८ लिटरऐवजी ४६ लिटर लागतात. १०४ रुपये लिटर या हिशोबाने साडेबाराशे रुपयांच्या आसपास वाचतात.

त्या पैशांपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीचं बरं वाटतं. बाबा आता स्वतःहून गाडी काढतात. टाकी भरली की किलोमीटर आणि लिटर एका छोट्या वहीत लिहून ठेवतात. परवा मीच घाईत होतो, सिग्नलजवळ ब्रेक जोरात दाबला. शेजारून आवाज आला, "अरे, लांबून दाबावा. काटा बघ कुठे गेला!"

थोडक्यात लक्षात ठेवा: रोज डी आणि इको, घाट उतरताना बी, ओव्हरटेकला पॉवर, रात्री सोसायटीत ईव्ही. बाकी काम तुमच्या पायाचं. उद्या ऑफिसला जाताना सुरुवात म्हणून फक्त एकच करा: पुढचा सिग्नल लाल दिसला की नेहमीपेक्षा जरा लांबूनच रेसवरचा पाय काढा.